लग्न उरकल्यावर जाऊ

आमच्या थोरल्या साडूंना स्वतःचं असं दुखणं कधी नव्हतंच. त्यांच्या अख्ख्या डोंगरकडा गावाची दुखणी मात्र त्यांची होती. कुणाचं पोट दुखलं की टोपी घालून हे एसटीत हजर. पेशंटला नांदेडला न्यायचं, चिठ्ठी काढायची आणि डॉक्टरांसमोर पेशंटच्या आधी आपणच बोलायचं. "रातभर कळ मारून राहिली साहेब, जेवण न्हाई, झोप न्हाई!" हे ते इतक्या तळमळीनं सांगत, की एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच टेबलावर झोपवून पोट दाबलं. खरा पेशंट, गावातला एक म्हातारा, बाहेर बाकावर चिवडा खात बसला होता. "तपासूनच राहिल्या तर तपासू द्यावं म्हटलं," असं साडू नंतर सगळ्यांना सांगत.

पण बाईंना त्यांचं यकृत कडक लागलं. पूर्वी कधी कावीळ झाली होती का, असं विचारून त्यांनी सोनोग्राफीला धाडलं. पुढच्या तपासण्यांत कळलं, यकृतात कर्करोगाची गाठ आहे. सुपारीएवढी. पोट फाडायचंही काम नव्हतं. सोनोग्राफीत बघत बरगडीखालून सुई गाठीत घालायची, तिचं टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी जाळायची. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "लहान आहे तोवर या."

दुसरा कुणी हादरला असता. साडू पारावर बसून बटाट्यात दाभण खुपसून लोकांना इलाज समजावू लागले.

माझ्या मुलीचं लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं. वसमतला आमच्या घरी येऊन ते म्हणाले, "मास्तर, लग्न उरकल्यावर जाऊ. आचाऱ्याकडं कोण बघंल? तुमाला तर मीठ अन् साखर वळखू येत न्हाई."

अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी सांगा की त्यान्ला. तुमचं ऐकतेत."

माझं त्यांनी खरंच ऐकलं असतं. पण मंडप, पाहुणे, याद्या हे सगळं त्यांच्याच भरवशावर होतं. मी म्हणालो, "अडीच महिन्यांनी काय बिघडतंय?"

लग्नात त्यांनी वरण तीनदा चाखून तीनदा नापास केलं, रुसलेल्या व्याह्यांना शेजारी बसवून हसवलं, आणि पाठवणीच्या वेळी नवरीपेक्षा जास्त रडले. मग त्यांच्या शेतातल्या हळदीची काढणी आली. ती होईपर्यंत आणखी दोन महिने गेले आणि मीही गप्प राहिलो.

आम्ही गेलो तेव्हा गाठ वाढून मोठ्या शिरेला भिडली होती. डॉक्टर म्हणाले, "शिरेतलं वाहतं रक्त सुईची उष्णता ओढून नेतं. त्या बाजूची कड पुरती जळेलच असं नाही." तरी त्यांनी सुई घातली. साडू तिसऱ्या दिवशी घरी आले आणि बरगडीखालची एवढीशी खूण गावभर दाखवत फिरले. वर्षाच्या आत त्याच कडेनं गाठ पुन्हा वाढली.

शेवटी भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते, डोळे पिवळे झालेले. माझ्या लेकीचं सगळं विचारून झालं. मग डोळे मिटून म्हणाले, "लग्न झकास झालं पण, मास्तर. कुणाला बोलायला जागा न्हाई राहिली."

त्या वेळी मला त्यांची माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "पाणी देऊ का थोडं?"