भाजीबाजाराखालची विहीर

जालन्यात पाण्याचं काम बघणाऱ्या एका कचेरीत मी अनुरेखक होते. जुने नकाशे गिरवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, एवढंच काम. ऐंशीच्या दशकातलं एक साल असं आलं की शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही. साहेबांनी ठरवलं, शहरात बुजलेल्या विहिरी शोधून त्या पुन्हा उकरायच्या. विहिरी नकाशावर मांडायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या दाखवायचं काम नळाला पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराकडे; त्यांना सगळी कचेरी बाबा म्हणायची.

बाबा निवृत्तीला टेकले होते. तरुणपणी कुंभार पिंपळगावाकडून मजुरीला आलेले. कमी बोलायचे, पण शहराच्या पोटातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. तीन आठवडे आम्ही पायी हिंडलो. मी जिथं सायकलीत हवा भरून घ्यायचे त्या दुकानाच्या फरशीखाली विहीर निघाली. मुलींच्या शाळेच्या मागच्या भिंतीत एका विहिरीचा अर्धा काठ चिणलेला होता. "ही रंगाऱ्यांची. ही घोड्यायला पाणी पाजायची," बाबा पायानं जमीन दाबत सांगायचे. लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते, आणि मला मात्र खजिना सापडल्यासारखी मजा वाटत होती. आज ते लिहितानाही लाज वाटते.

कचेरीच्या कपाटात निजामाच्या वेळचा एक उर्दू नकाशा मिळाला. माझे वडील उर्दूत शिकलेले. रविवारी मी तो राजूरला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "इथं बावडी लिव्हलीय, म्हंजे विहीर. मोठी हाय."

ती जागा म्हणजे आमचा भाजीबाजार. मी दर दोन दिवसांनी तिथं उभी राहून मेथी निवडत होते.

सोमवारी मी बाबांना नकाशा दाखवला. "बाबा, ही राहिली की. तुम्ही सांगितलीच नाही."

"तिथं काई न्हाई बाई."

"नकाशात आहे."

"आसंल. तिला पाणी न्हाई." त्यांनी नकाशाकडं बघितलंही नाही.

मला वाटलं, वयानं विसरले असतील. मी सरळ साहेबांकडं गेले. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. भाजीवाल्या दुसरीकडं हलवल्या आणि खोदकाम सुरू झालं.

नवव्या दिवशी ओल लागली. त्याच दुपारी खालून मजुरांनी हाक मारली आणि काम थांबलं. गाळात माणसाची हाडं होती, बाजूला गंजलेली कुदळ.

बाबा कट्ट्यावर बसले होते. मी जवळ गेले तेव्हा ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "माझा भाऊ हाय तो."

मी शेजारी बसले.

"गाळ काढायला आल्तो आम्ही दोघं. आधी दिवा सोडून बघायचा आसतो, खाली हवा कशी हाय ते. मुकादम म्हणला, जल्दी उतरा. दिवा सोडलाच न्हाई. भाऊ उतरला. वर दोर धरून मी. मंग दोर ढिला पडला. मी उतराया लागलो तर लोकायनं धरलं. सांजच्याला कडा ढासळली. मुकादमानं वरून माती लोटली अन् गावात सांगितलं, पोरगं पळून गेलं म्हणून. माय मरूस्तोवर वाट बघत व्हती."

"तुम्ही आईला सांगितलं नाही?"

"काय सांगू? दोर माझ्याच हातात व्हता."

पंचनामा झाला. बाबांनी पुढं होऊन सांगितलं, हा माझा भाऊ आहे. कागद आहे का, कुणी साक्षीदार आहे का, असं विचारलं गेलं. मुकादम कधीच मेलेला. मग साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही तीन आठवडे यांच्यासोबत होता. हाडं सापडायच्या आधी यांनी कधी हे सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

ते खरंच होतं. पण बाबांनी हीच एक विहीर दाखवली नव्हती, नकाशाकडं बघायचंही टाळलं होतं, हे मी बोलले नाही. साहेबांना काम लवकर सुरू करायचं होतं. माझी नोकरी कायम व्हायची होती. हाडं बेवारस म्हणून पोत्यात भरून नेली. कुठं पुरली, हे विचारत बाबा चार-पाच दिवस हिंडले. कुणी नीट सांगितलं नाही.

पंप बसला, पाणी गोड लागलं. बाबा त्या आठवड्यापासून कामावर आलेच नाहीत. मीही तेच पाणी भरलं, त्याच पाण्यात वरण शिजवलं. दुसरं पाणी नव्हतंच. पुढं नवी पाइपलाइन आली आणि त्या विहिरीवर सिमेंटची झाकणं टाकून भाजीवाल्या पुन्हा बसल्या.

नव्वद सालानंतर एकदा घनसावंगीकडं काम निघालं, तेव्हा मी वाटेत बाबांच्या गावी, कुंभार पिंपळगावला उतरले. बाबा अंगणात तूर निवडत होते. त्यांनी ओळखलं, बसायला पोतं टाकलं, सुनेला चहा सांगितला. बराच वेळ आम्ही पिकापाण्याचं बोललो. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "तुम्ही खोटं न्हाई बोलल्या."

"पण सगळं बोलले नाही."

"बोलल्या आसत्या तर हाडं भेटली आसती," ते म्हणाले. मग सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "भेटली आसती तर बरं झालं आसतं, बाई."

चहा आला, तो आम्ही दोघांनी घेतला.