एकसष्ट चेहरे आणि आठ जीबी

"आक्का, नुसतं गोल फिरतंय बघा. आणि पावणं दारात येऊन बसल्यात."

रूपालीचा हा फोन आला तेव्हा शनिवारचे साडेदहा वाजले होते आणि माझा हात एका प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला होता. रूपाली उचगावची. दहा वर्षं दुसऱ्याच्या प्रेसमध्ये डिझाइन केलं आणि आता घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. काम डिजिटलचं. आमच्याकडं चौकात वाढदिवसाचे, यात्रेचे, निवडीचे जे मोठाले फलक लागतात ना, त्यांना सगळे डिजिटलच म्हणतात. ती ते कॉम्प्युटरवर तयार करते, छपाई शहरात होते. तिचं मशिन मीच बांधून दिलेलं. अवघ्या आठ दिवसांपूर्वी.

"फाइल कधी द्यायची आहे?" मी विचारलं.

"चारला छापायला गेली पायजे. न्हाय तर मंडळ शहरातल्या दुकानात जाणार म्हणतंय. आणि ह्ये मंडळ गेलं की यात्रेची बाकीची मंडळं बी त्यांच्या मागनं जातील की. माझा पयलाच सीझन हाय, आक्का."

मी प्रिंटर तसाच उघडा टाकला आणि स्कूटी काढली.

मी काही इंजिनिअर नाही बरं का. मी मूळची टायपिंगवाली. माझा टायपिंगचा क्लास होता, चौदा मशिनं खडखडायची. मग ती एकेक करून गप्प झाली. तेव्हा एका ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी घरी आणला आणि स्क्रू ड्रायव्हरनं उघडून बसले. आत इतकं मोकळं असेल असं मला वाटलंच नव्हतं! एक पंखा, चार पाट्या, बाकी हवा. त्या दिवसापासून लागलेलं वेड अजून गेलेलं नाही, आता त्याचंच दुकान आहे. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं चुकाही माझ्या स्वतःच्या आहेत. ही त्यातलीच एक.

रूपाली पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, "चाळीस हजारात बसवा, आक्का. स्क्रीन जुनाच चालंल." आता एवढ्या पैशांत मशिन बसवायचं म्हणजे कुठं सोडायचं आणि कुठं धरायचं, हाच सगळा खेळ. प्रोसेसर म्हणजे आचारी. हुकूम आला की कामाला लागतो. रॅम म्हणजे त्याच्यापुढचा ओटा, चालू काम सगळं तिथं मांडलेलं असतं. एसएसडी म्हणजे मागची कोठी, तिथं माल साठवायचा. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे वेगळा ठेवलेला जिलेबीवाला. व्हिडिओ, गेम, थ्रीडी असलं काम त्याच्या हातचं.

आदल्याच महिन्यात मी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाला कार्ड घालून दिलं होतं. त्याचं काम असं पळायला लागलं की तो पेढे घेऊन आला. ते डोक्यात ताजं होतं. रूपालीलाही मी रंगीत दिवे लागणारं चांगलं कार्ड घातलं. त्यात बरीच रक्कम गेली. मग रॅम आठ जीबीवर थांबवली. "पुढं वाढवू," असं म्हटलं. प्रोसेसरही जरा स्वस्तातला घेतला. तिच्या कामाबद्दल मी एकच प्रश्न विचारला होता, "काय करतेस?" ती म्हणाली, "डिजिटल." संपलं.

उचगावात पोचले तर दारातल्या कट्ट्यावर मंडळाचे तिघे चप्पल काढून बसलेले. मधला दत्ता, मंडळाचा अध्यक्ष. मला बघून म्हणाला, "ह्या आल्या मशिनच्या डॉक्टरीणबाई. पेशंट वाचतोय का बघा."

"पेशंटला आधी हात तर लावू दे," म्हटलं, आणि रूपालीच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

फाइल उघडायलाच सहा मिनिटं गेली. वर चार नेते, मधे देवीचा फोटो, खाली रांगेनं कार्यकर्त्यांचे गोल गोल चेहरे. मी टास्क मॅनेजर उघडला. मशिनमध्ये कोण किती राबतंय ते दाखवणारी ही खिडकी. मला ती फार आवडते, कारण तिथं कुणाची लबाडी चालत नाही. रॅम अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली. आचारी, म्हणजे प्रोसेसर, अधूनमधून हलतोय. आणि माझं ते दिवेवालं कार्ड? दोन टक्के. गाढ झोपलेलं, दिवे लावून.

मग माझ्या लक्षात आलं. ओटा भरून गेला होता आणि आचारी प्रत्येक भांड्यासाठी कोठीत ये-जा करत होता. ते गोल फिरणं म्हणजे त्याच्या त्या खेपा.

"चेहरे किती आहेत गं?"

"एकसष्ट."

प्रत्येक चेहरा वेगळ्या लेयरवर होता. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेला पारदर्शक कागद समजा. आणि प्रत्येक फोटो मोबाइलवरनं आलेला जसाच्या तसा, हा एवढा मोठा. फलकावर तो दिसणार ताटलीएवढा.

मी शहाणपणानं म्हटलं, "अगं, फोटो लहान कर, सगळे लेयर एकत्र चिकटव. फाइल हलकी होईल."

रूपाली हसायलाच लागली. "चिकटवा म्हणता? आक्का, तुम्ही कधी डिजिटल केलं न्हाय."

तेवढ्यात दत्ता दारातून डोकावला. "रूपाताई, त्या संग्रामला काढा."

"काल तर तुम्हीच घातला न्हवं?"

"काल आपल्यात हुता. आज सकाळी पलीकडच्या मंडळाच्या चहाला गेलता. काढा."

"आणि त्याच्या जागी?"

"जागा रिकामी नको. खालच्या रांगेतला विश्वास वर घ्या. जरा मोठा करा त्याला, वर्गणी बी चांगली दिलीया त्यानं."

रूपालीनं माझ्याकडं बघितलं.

मला तर त्या फलकाचं भारी कौतुक वाटायला लागलं. म्हणजे बघा, फलक छापायला जाईपर्यंत कोण कुणाच्या बाजूला आहे हे नक्की नसतं. म्हणून लेयर चिकटवायचे नाहीत, कोणताही चेहरा कधीही उचलता आला पाहिजे. आणि फोटो लहान करायचे नाहीत, कारण खालच्या रांगेतला माणूस अर्ध्या तासात वरच्या रांगेत जाऊ शकतो. एकसष्ट माणसं, सगळी सुटी, सगळी पूर्ण आकाराची, एकाच वेळी ओट्यावर. ह्या कामाला जिलेबीवाला काय करणार? ह्याला ओटाच लांब पाहिजे.

विश्वासला वर सरकवता सरकवता मशिन पुन्हा अडकलं. दत्ता घड्याळ बघायला लागला.

मी होलसेलवाल्या मदनला फोन लावला. "मदन, आठ दिवसांपूर्वी नेलेलं कार्ड परत घेतोस?"

"सील फोडलंय?"

"फोडल्याशिवाय बसवलं कसं असतं रे?"

"मग न्हाय जमायचं, आक्का. तुम्हीच ठेवा, शोभंल दुकानात."

रूपालीकडं आणखी पैसे नव्हते, आणि मी रॅम अशीच घालते म्हटलं तर ऐकेना. "फुकट नको. मग माझं दुकान न्हाय, तुमचं झालं." शेवटी ठरलं की ते कार्ड मी परत घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या द्यायच्या. मी दुकानात जाऊन पट्ट्या घेऊन आले. दीड वाजला होता.

कॅबिनेट उघडलं, कार्ड काढलं, पट्ट्या बसवल्या. रॅमची पट्टी बसताना दोन्हीकडून टक् असा आवाज येतो, तो आला. मशिन सुरू केलं. पंखा फिरला. स्क्रीन काळा.

"आता काय?" रूपालीचा आवाज बारीक झाला होता.

मी वायर तपासली. पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. काळाच. कट्ट्यावरनं दत्ता म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आता कुणाला कळवायचं काय?"

कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला होता. मी जो स्वस्तातला प्रोसेसर निवडला होता, तो स्वस्त का होता? त्यात चित्र दाखवायची सोयच नव्हती! काही प्रोसेसरमध्ये ती आतच असते, काहींना वेगळं कार्ड लागतं. कार्ड घालणारच म्हणून मी तिथं पैसे वाचवले होते. एका चुकीचा दुसरीला टेकू दिलेला. एक काढली की दुसरी पडली.

मी कार्ड तात्पुरतं परत बसवलं. स्क्रीन उजळला. फाइल चाळीस सेकंदांत उघडली. रूपालीनं विश्वासला धरून वर नेलं, मोठा केला, डावीकडं सरकवला. गोल एकदाही फिरलं नाही. रॅम साठ टक्क्यांवर आरामात बसली होती. मी टास्क मॅनेजरकडं बघतच राहिले.

तीन चाळीसला फलक तयार झाला. रूपाली फाइल पाठवणार, तेवढ्यात दत्ताचा फोन वाजला. तो उठून कोपऱ्यात गेला, हळू आवाजात बोलला आणि परत आला.

"रूपाताई... संग्राम चहाला गेलताच न्हाय म्हणं. त्याचा भाऊ गेलता. घाला त्याला परत."

रूपालीनं त्याला पुसलंच नव्हतं, लेयर नुसता झाकून ठेवला होता. एक क्लिक केली. संग्राम हसत हसत आपल्या जागी आला. विश्वासला थोडं बाजूला व्हावं लागलं. तीन छप्पनला फाइल गेली. दत्ता चप्पल घालता घालता म्हणाला, "पुढच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीचं मंडळ ईल. त्यांचे ऐंशी हायत."

रविवारी मी माझ्या काउंटरवरच्या मशिनचा प्रोसेसर काढून रूपालीला बसवला. त्यात चित्राची सोय आतच होती. तिचा तो स्वस्तातला प्रोसेसर आणि दिवेवालं कार्ड मी माझ्या मशिनला लावलं. त्यावर मी गिऱ्हाइकांची नावं लिहिते आणि दुपारी पत्त्यांचा डाव मांडते. पत्ते फार सुरेख दिसतात.

आता मशिन बांधायला कुणी आलं, तर मी "काय करता?" असं विचारून थांबत नाही. त्यांच्या दुकानात जाऊन अर्धा दिवस स्टुलावर बसते. चहा होतो, काम बघते, आणि शेवटचा बदल कधी येतो तेवढं नीट लिहून घेते. पार्ट त्यानंतर निवडते. ते काम दहा मिनिटांचं असतं.