‘नर्स’ या शब्दाचा खुलासा

सिस्टरांचा राग वॉर्डात औषधासारखा वेळेवर मिळे. सकाळी झाडूवालीला, दुपारी डॉक्टरांना. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं, ना जेवणाच्या बाबतीत, ना बोलणी खाण्याच्या.

त्या चार दिवस रजेवर गेल्या आणि नेमकं तेव्हाच जेवणाचं कंत्राट दिलं गेलं. फर्मान निघालं: जेवण कंत्राटदाराचं काम, नर्सनी त्यात हात घालू नये. आता ट्रेवाला येई, पलंगाच्या पायथ्याशी ट्रे ठेवी, अर्ध्या तासाने उचली आणि कागदावर लिही, ‘रुग्णाने नाकारले’. नऊ नंबरच्या आजींचं उजवं अंग लुळं, जीभ जड. नाकारायचं म्हटलं तरी त्यांना जमलं नसतं. तरी चार दिवसांत त्यांच्या नावावर सात नकार जमा झाले.

रजेवरून परतल्या परतल्या सिस्टरांनी तो कागद वाचला, एक अक्षर न बोलता खुर्ची ओढली आणि आजींना घास घास भरवलं. त्या बोलल्या नाहीत म्हणताच वॉर्ड घाबरला.

संध्याकाळी रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांची नोटीस आली. कंत्राटाच्या कामात ढवळाढवळ का केली, याचा लेखी खुलासा द्या. नाहीतर बदली, नोंदणीच्या खिडकीवर.

घरी यजमान होते, इंग्रजी शिकवून रिटायर झालेले मास्तर. त्यांना हल्ली कुणी काही विचारत नसे, म्हणून हाती लागलेला प्रश्न ते सोडत नसत. त्यांनी जाडा कोश काढला. नर्स शब्दाचं मूळ लॅटिन: पोसणं, दूध पाजणं. आधी दूधदाई, मग मुलं सांभाळणारी, आजाऱ्यांची फार उशिरा. रोपांची नर्सरी त्याच घराण्यातली. इतकंच काय, मनात राग जपून ठेवणं, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद.

“तो अर्थ मला पाठ आहे,” सिस्टर म्हणाल्या. “पहिला पुन्हा सांगा. हळू. लिहून घेते.”

खुलासा तीन ओळींचा झाला. ‘नर्स म्हणजे मुळात भरवणारी. बाकीची कामं मागाहून चिकटली. मी मूळ काम करत होते.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बरोबर एक वाजता, ट्रे यायच्या वेळी, बोलावलं आणि अर्धा तास बाहेर बसवलं. मग आत घेऊन समजावलं की भाषा सुंदर आहे, पण नियमांना लॅटिन कळत नाही. शिवाय ट्रे वेळेवर पोचतात, रुग्णच नाकारतात. रेकॉर्ड स्वच्छ आहे.

सिस्टर उठून बाहेर गेल्या. साहेबांना वाटलं, मिटलं. पण जिन्यात ट्रेवाला भेटला. नऊ नंबरचा ट्रे परत नेत होता, भरलेलाच. ट्रे आणि नकारांचा कागद घेऊन त्या परत आल्या आणि दोन्ही साहेबांसमोर ठेवले.

“आज मी हात लावलेला नाही. वर चला, आजींना विचारा आणि तुमच्या हाताने लिहा, रुग्णाने नाकारले. खाली सही करा.”

साहेबांनी पेनकडे पाहिलं, मग फोनकडे. तो वाजत नव्हता. ही नोंद करणं आपल्या अधिकारात येत नाही, असं ते म्हणाले.

“मग मी जाते. हे गार झालंय, आधी गरम करायला हवं.” सिस्टरांनी ट्रे उचलला. “बदलीचा कागद वरच पाठवा. आजींना जेवायला वीस मिनिटं लागतात, त्यानंतर वाचीन.”