दुधातलं तुळशीचं पान

मोहोर आला की आमच्या घराला फवारणीचा वास लागतो. आंब्याची कलमं पडवीपासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आले तेव्हापासून तो वास मी आंब्याबरोबर येणारच असं धरून चालले होते. लेक झाली आणि माझं डोकं फिरलं. औषध माझ्या नाकात, तिथून दुधात आणि दुधातून तिच्या पोटात! नवरा म्हणाला, "उगाच घाबरतेस." मी घाबरले नव्हते, चिडले होते.

रत्नागिरीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईची एक प्रयोगशाळा बागायतदारांच्या घरातल्या आयांचं दूध तपासतेय, त्यात फवारणीची औषधं उतरतात का ते बघायला. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. "तोवर पाजणं बंद करायचं नाही," त्यांनी बजावलं. पण दर वेळी पाजताना मनात पाल चुकचुकायचीच.

त्यांनी दिलेली बाटली भरली, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि रडणाऱ्या लेकीला घ्यायला आत गेले. नवरा पेटी पोचवून आला. काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन.

"ताई, दुधात पान आहे. तुळशीचं वाटतंय."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या निवांत वाती वळत होत्या.

"मीच घातलं," त्या म्हणाल्या. "अगो, दूध असं नुसतं घराबाहेर पाठवतात होय? दृष्ट लागते. आणि हे तर अंगावरचं!"

मला हसू आवरेना. फोनवरच्या बाईही हसल्या आणि दुसरं दूध मागितलं. आता माझ्या अंगात आलं होतं. म्हटलं, त्याच तुळशीची पानं वेगळ्या पिशवीत पाठवते, तीही तपासा. कशा कोण जाणे, त्या तयार झाल्या.

दूध आणि पानं दोन्ही गेली. मग डॉक्टरांचा फोन आला. "दूध चांगलं आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. खुशाल पाजा."

मी ओरडलेच! लेकीला उचलून पडवीभर नाचले. ती दचकून रडली, तरी नाचले. सासूबाई देवापुढे ठेवायला साखर काढत होत्या.

"पानांवर मात्र औषध बरंच सापडलंय," डॉक्टर पुढे म्हणाले. "ती कुणी खात नाही ना?"

फोन मोठ्या आवाजावर होता. सासूबाईंचा हात साखरेच्या डब्यातच राहिला. सर्दी होऊ नये म्हणून रोज सकाळी त्या नातीला तुळशीच्या रसाचं बोट चाटवत होत्या. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बाळ उत्तम आहे, रस आजपासून बंद करा, उद्या तिला दाखवायला आणा.

सासूबाई तशाच उठून अंगणात गेल्या. नवरा फवारणीचा पंप जोडत होता.

"घराकडची कलमं फवारायची नाहीत."

"आई, मोहोर गळेल. तिकडचा आंबा हातचा जाईल."

"जाऊ दे," म्हणत त्यांनी पंपाची नळी ओढून काढली आणि गोठ्यात नेऊन टाकली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. लेकीसकट मारली.