कंपोस्ट कंपनीचा सालेकशातला भागधारक

भोजराज रहांगडाले रेल्वेत कीमन होते. गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा ते दरेकसा हा रुळांचा पट्टा त्यांनी एकवीस वर्षं पायी तपासला. रूळ जखडणारी लोखंडी चावी सैल दिसली की हातोड्याने ठोकून बसवायची, पुढे चालायचं. निवृत्तीनंतर सकाळ रिकामी पडली, तेव्हा ते मोबाइलवर शेअर बाजार बघू लागले. खातं मुलीने, रश्मीने उघडून दिलं. ती गोंदियात एका पतसंस्थेत नोकरीला आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका कंपनीबद्दल वाचलं. ती शहरातला ओला कचरा घेऊन खत करायची. कचरा नुसता साचून कुजला तर मिथेन निघतो आणि हवा तापते. तोच उलथवून, वारा देऊन कुजवला तर तो वायू फारसा निघत नाही. न निघालेल्या वायूचा हिशेब करून कंपनीला कार्बन क्रेडिट मिळणार होती आणि परदेशी कंपन्या ती विकत घेणार होत्या.

"म्हंजे जे झालंच नाई, त्याचे पैसे?" भोजराजांनी विचारलं.

"हो बाबा."

त्यांना त्यात नवल वाटलं नाही. एकवीस वर्षांत त्यांच्या पट्ट्यात एकही गाडी घसरली नव्हती, आणि त्यांचा पगार त्याचाच होता. निवृत्तीच्या रकमेतला काही भाग त्यांनी त्या शेअरांत घातला.

"कायले घेतले जी कचऱ्याचे शेअर?" त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनी विचारलं.

"वास इथपर्यंत नाई येत," ते म्हणाले.

वर्षभर भाव चढत गेला. भोजराजांनी धान कांडायच्या छोट्या मशीनची चौकशी केली, पडवीत जागाही मोजून ठेवली. शेजारच्या नंदलाल कटरेंनी त्यांच्या शब्दावर तेच शेअर घेतले.

मग कंपनीचा वार्षिक अहवाल आला. त्यात खताच्या ढिगांचा फोटो होता, डिसेंबरमधला, सकाळच्या धुक्यातला. भोजराजांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. खत नीट कुजताना आतून तापतं, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खताच्या खड्ड्यातून थंडीत सकाळी वाफ निघते. या ढिगांतून वाफ दिसत नव्हती.

"फोटोत नसंल दिसत," रश्मी म्हणाली.

"जाऊन पाहतो."

रेल्वेचा पास होता. छत्तीसगडातल्या एका शहराबाहेर कंपनीचा कारखाना होता. फाटकावर त्यांनी सांगितलं, "मैं शेअरधारक हूँ." चौकीदाराला याचं काय करावं ते कळेना. त्याने सुपरवायझर खेमलाल साहूला बोलावलं. तो चाळिशीचा, गमबूट घातलेला माणूस. म्हणाला, "काका, शेअरवाला यहाँ आज तक कोई आया नहीं," आणि त्यांना आत घेऊन गेला.

पुढच्या रांगेतल्या ढिगात भोजराजांनी हात घातला आणि लगेच काढला. चटका बसला होता. खताला ओल्या मातीचा वास होता. ते मागच्या रांगांकडे वळले. तिथला ढीग थंड होता आणि नालीसारखा घाण मारत होता.

"पलटाने वाली मशीन नौ महीने से बंद है," खेमलाल म्हणाला. "पार्ट नहीं आया. हाथ से कितना पलटाएँगे?"

म्हणजे जो वायू निघू द्यायचा नाही म्हणून कंपनी होती, तोच तिथे तयार होत होता.

घरी आल्यावर त्यांनी आधी नंदलालला सांगितलं, कारण त्याने त्यांच्या भरवशावर पैसे घातले होते. नंदलालने दुसऱ्याच दिवशी शेअर विकले. रश्मीने बापालाही तेच सुचवलं.

"मी विकीन, तं घेनारा कोन?" भोजराज म्हणाले. "त्याले तं काईच ठाऊक नाई."

"मंग नंदलालकाकाले काऊन सांगतलं?"

भोजराज चष्मा लावून कंपनीचा मेलचा पत्ता शोधू लागले.

त्यांनी कंपनीला दोन मेल पाठवले. उत्तर आलं नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीची वार्षिक सभा मोबाइलवर होणार होती. त्यात बोलण्यासाठी त्यांनी आधीच नाव नोंदवलं. त्या दिवशी रश्मी रजा काढून आली. भोजराज इस्तरीचा शर्ट घालून पडवीत बसले. त्यांच्या आधी दहा भागधारक बोलले. बहुतेकांनी अहवालाच्या छपाईचं कौतुक केलं आणि अध्यक्षांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"अध्यक्ष महोदय, ढेर पलटाने वाली मशीन कितने दिन बंद रही?"

मग एक संचालक म्हणाले की याचं उत्तर लेखी पाठवू.

"लिखकर मत दीजिए. सब बैठे हैं, अभी बता दीजिए."

बोलायला मिळालेली तीन मिनिटं संपली आणि त्यांचा माइक बंद केला गेला. शेवटच्या भाषणात अध्यक्षांनी आकडा सांगितला. मशीन तीनशे दिवस बंद होती. महिन्याभरात नवीन येईल, असंही ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भाव कोसळला. भागधारकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'ये गोंदिया वाला कौन है, सबको ले डूबा.' भोजराजांनी ते वाचलं आणि ग्रुप सोडला. हिवाळ्यात, क्रेडिट तपासून मंजूर करणाऱ्या संस्थेचा निकाल आला. मशीन बंद असतानाचे दिवस वगळले गेले, आणि मागितलेल्या क्रेडिटपैकी निम्मीही मंजूर झाली नाहीत. त्यांच्या शेअरांची किंमत खरेदीच्या तिसऱ्या हिश्शावर आली. धान कांडायची मशीन घेण्याचा विषय तिथेच मिटला.

"नंदलालभाऊ हुशार निघाले," निर्मलाबाई म्हणाल्या.

"हो."

"आन तुमी?"

"माहा प्रश्न बरोबर होता," भोजराज म्हणाले. पुढचे दोनचार दिवस भोजराजांच्या ताटातली भाजी कमी मिठाची होती.

नवीन मशीन मात्र खरंच आली. ते कंपनीने कळवलं नाही, खेमलालने फोन करून सांगितलं. त्याचा फोन अजूनही महिन्यातून एकदा येतो. आधी ढिगांचं बोलणं होतं, मग दोघं आपापल्या भागातल्या धानावरच्या रोगाबद्दल बोलतात. शेअर भोजराजांनी अजून विकलेले नाहीत. भाव ते आता रोज बघत नाहीत, शनिवारी बघतात. रश्मीने यामागचं कारण विचारलं, तर म्हणाले, शनिवारी बाजार बंद असतो.