तिच्या गाठीचं नाव
चष्म्याचा नंबर काढायला परवा कराडात मशीनवर हनुवटी टेकवली, भिंगाला डोळा लावला आणि सांगलीची ती लॅब आठवून डोकं फिरलं. बायकोचं तोंड जेवताजेवता लालभडक व्हायचं, पोट वाहायचं. गावचा डॉक्टर ‘बायकांचं वय असतं हे’ म्हणत वर्षानुवर्षं त्याच गोळ्या द्यायचा. माझ्या धाकट्या भावाची बायको चारचौघींत हसायची, ‘आमच्या जाऊबाई चोरून दारू घेत्यात.’ शेवटी सांगलीत लिव्हरचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट विचारायला गेलो तर लॅबचा डॉक्टर खुशीत उठला. ‘काका, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर! फार दुर्मिळ. तोंड लाल होतं ते ह्याच्यामुळंच. या, बघा तरी.’ मी मायक्रोस्कोपात बघितलं. जांभळ्या गोल ठिपक्यांचे पुंजके, सगळे एकसारखे, चिटाच्या कापडावर असतात तसे. ‘सुंदर आहे ना?’ म्हणाला. मी म्हणालो, ‘सायेब, तुमच्या आईच्या पोटात असतं तर सुंदर म्हणाला असता?’ त्याचं हसू गेलं. ‘बरी हुईल का?’ विचारलं. ‘उशीर झालाय, काका. सगळीकडं पसरलंय.’ बाहेर बाकावर बसलेल्या तिला मी सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. ती म्हणाली, ‘म्हंजी मला खरंच कायतरी हुतं. आवं, धाकटीला फोन लावा.’ लावला. ती एवढंच बोलली, ‘दारू नव्हती गं, गाठ हुती.’ आणि फोन माझ्या हातात दिला. ती गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं धाकटीच रडली. तिला मी अजून उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.