पालथ्या दिवसांतला खेळ

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला तो एप्रिलच्या शेवटी. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला आणि सांगितलं, की दहा दिवस पालथं झोपायचं. मान खाली असली तरच तो बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरतो. तासातून दहा मिनिटं उठायची मुभा, बाकी वेळ तोंड जमिनीकडं.

नवऱ्याची रजा ऑपरेशनमध्येच संपली होती. माझ्या अमरावतीच्या शाळेला मात्र सुट्या लागल्या होत्या, म्हणून मी बॅग भरून अकोल्याला गेले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एका घरात एकट्या अशा कधी राहिलो नव्हतो. आमच्यात भांडण नव्हतं आणि फारसं बोलणंही नव्हतं. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. सासरे गेल्यावरही त्या आमच्याकडं आल्या नाहीत. "माह्यं घर मले पुरते," एवढंच म्हणाल्या होत्या.

पहिले दोन दिवस त्यांनी गप्प काढले. पलंगाच्या कडेला उशा रचून मी त्यांच्या कपाळाला टेकण केलं होतं. तोंडाखाली मोकळी जागा होती, तिथून स्ट्रॉनं चहा द्यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या जमिनीकडं पाहत म्हणाल्या, "या फरशीत अकरा भेगा हायेत. आता बारावी कुठून आणू?"

मला हसू आलं. मी चटई आणली आणि पलंगाच्या कडेशी उताणी झोपले. आता त्यांचा चेहरा माझ्या वर होता, एक डोळा पट्टीखाली आणि एक उघडा. इतक्या वर्षांत मी तो इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"आई, एक खेळ खेळू," मी म्हणाले. "मी मनात एक प्रसिद्ध माणूस धरते. तुमी प्रश्न विचारायचे. मी फक्त हो नाहीतर नाही म्हणणार. ओळखा."

"मले नाई जमत असलं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "धर बरं."

मी टीव्हीवर नेहमी दिसणारा एक नट धरला. त्यांनी पुरुष आहे का विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, "बोलायच्या आंधी श्वास घेते का तो?"

मी कधी तिकडं लक्षच दिलं नव्हतं. डोळे मिटून तो माणूस बोलताना आठवून पाहिला. खरंच घेत होता. "हो."

"शब्द शेवटाले गिळते?"

"हो."

सातव्या प्रश्नाला त्यांनी ओळखलं. दुसऱ्या माणसाला पाच प्रश्न लागले. तो काय करतो, कुठला, जिवंत आहे का, यातलं त्या काहीच विचारत नव्हत्या. आवाज जाड आहे का, माणूस बोलताना घाई करतो का, हसू नाकातून येतं का, हेच त्यांचे प्रश्न. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी माणसं अशीच ओळखली होती.

मग दुपारी तो खेळ आमचा झाला. खिडकीला ओला पडदा, कूलरच्या वाळ्याचा वास, खोलीत पाण्याखाली असावा तसा हिरवट उजेड. मी एकेक मोठं माणूस मनात धरायची, आणि त्याचा चेहरा गळून पडून नुसता आवाज उरायचा. नेते, गवई, क्रिकेटवाले, सगळे नुसते आवाज होऊन आमच्या दोघींच्या मधल्या हातभर जागेत तरंगत असायचे. कधी प्रश्नाच्या मध्येच माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा त्यांचा तो एक डोळा माझ्याकडं पाहत असायचा. "झोपली व्हती तू," त्या म्हणायच्या. "धरलेला माणूस पळाला का हाय?"

पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता तुम्ही धरा.

"धरला," त्या म्हणाल्या.

"बाई?"

"हो."

"गाते?"

"हो."

"सिनेमात?"

"नाई."

"जिवंत आहे?"

"माईत नाई."

"आई, खेळात असं चालत नाही. प्रसिद्ध माणूस जिवंत आहे का ते माहीत असतं."

"ते खरं प्रसिद्ध नसंन मंग," त्या म्हणाल्या. "पण व्हती वं. तिच्या कॅसेटी या अख्ख्या वऱ्हाडात वाजत. जयंतीच्या कार्यक्रमाले तिचं नाव बोर्डावर लागलं का लोक चार गावांहून येत."

दोन दिवस मी विचारत राहिले आणि हरले. मला ते नाव ठाऊकच नव्हतं. तेव्हा उठायच्या दहा-दहा मिनिटांत, भिंतीला टेकून मान खाली घालून, त्यांनी मला तिचं नाव आणि सगळी हकिकत सांगितली.

ती गाणारी बाई कॅसेटच्या दिवसांत वर्षभर अकोल्यात खोली घेऊन राहत होती. तिची आई धारणीकडं होती. दर शनिवारी दुपारी आई धारणीच्या पोस्टात येऊन बसायची आणि ही इकडं एक्स्चेंजमध्ये. धारणीची लाइन लागायला कधी तास लागायचा, कधी दोन. तेवढा वेळ ती ऑपरेटर मुलींसोबत चहा घेत बसायची. एकदा लाइन लागेचना, तेव्हा मुलींनी आग्रह केला आणि ती हळू आवाजात गायली. सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण तिच्यासोबत गुणगुणत होती. सासूबाईंनी गुपचूप अमरावतीची लाइन उघडली, मग यवतमाळची, मग वाशीमची. सगळीकडच्या ऑपरेटर मुली हातातलं काम सोडून ऐकत राहिल्या.

"साहेब आले असते तर नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "पण दुपार व्हती. सगळ्या लाइनी चूप व्हत्या, आन् आतून ते गाणं वाहून राहिलं होतं."

त्यानंतर ती बाई अकोला सोडून गेली. कॅसेटचे दिवस संपले आणि तिचं नाव कुठं ऐकू येईनासं झालं.

मी त्यांना न सांगता माझ्या शाळेतल्या मोर्शीच्या एका शिक्षिकेला मेसेज केला. तिचे वडील पूर्वी कार्यक्रमांना ढोलकी वाजवायचे. दोन दिवसांनी तिनं एक नंबर पाठवला. बाई जिवंत होत्या. मोर्शीजवळ भाच्याच्या संत्र्याच्या मळ्यात राहत होत्या, तब्येत बरी होती, गाणं सोडून बरीच वर्षं झाली होती.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चादरीचं टोक मुठीत धरलं. "लाव," म्हणाल्या.

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाखाली, चटईवर ठेवला. भाच्यानं उचलून आत नेऊन दिला. मग एक खरखरीत, उबदार आवाज आला, "कोन बोलून राहिलं?"

"ओळखा बरं," सासूबाई म्हणाल्या. मला त्यांचा आवाज नवा वाटला. "अकोल्याच्या एक्स्चेंजमधून बोलते."

पलीकडून पाखरांचा कलकलाट तेवढा ऐकू येत होता. "तिथं तर चार-पाच पोरी व्हत्या," बाई म्हणाल्या. "तू खिडकीकडची का?"

"हो."

"शनिवारी चहा सांगायची ते?"

"हो."

"माह्यासंगं गुणगुणे ते?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली होते, त्यांच्या डोळ्यातलं पाणी माझ्या मनगटावर पडलं. पालथ्या माणसाचं पाणी सरळ खाली पडतं.

तेवढ्यात पलीकडून एक नाव आलं. आनंदानं, जवळजवळ ओरडून. ते नाव सासूबाईंचं नव्हतं, शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीचं होतं. ती मैत्रीण चार वर्षांपूर्वी वारली होती. आम्ही तिच्या घरी भेटून आलो होतो.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मीच ते."

वीस मिनिटं त्या दोघी बोलल्या. मैत्रिणीच्या मुलांची चौकशी झाली, सासूबाईंनी खरी खरी उत्तरं दिली. बाईंनी एक ओळ गुणगुणली आणि म्हणाल्या, धर ना तू पण. सासूबाई आयुष्यात कधी गायल्या नव्हत्या. त्यांनी धरली. सूर लागला नाही, पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वयानं आपला दोघींचाबी गळा बसला."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काहून असं केलं आई?"

"ते माह्यं तोंड कसं आठवंन तिले?" त्या शांतपणे म्हणाल्या. "खिडकीकडची मीच, चहा सांगे तेबी मीच, पण सारा वेळ बोर्डाकडं पाहून लाइनी जोडून राहिली होती. तिनं माही पाठच पाह्यली." मग म्हणाल्या, "किती खूश झाली वं ते. तिले नाई कसं म्हनू?"

दहा दिवस संपले. बुडबुडा विरघळला, पडदा जागेवर बसला. डाव्या डोळ्यानं त्यांना आता माणसं पाण्यातून दिसावीत तशी दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, एवढंही पुष्कळ. मी अमरावतीला परत आले. आता दर दोन दिवसांनी आमचा फोन असतो, आणि कधीकधी एखाद-दुसरा डाव होतो.

मोर्शीचा फोन त्यांना रविवारी येतो. दिवाळीत मी अकोल्याला होते, तेव्हा माझ्यासमोर आला. त्या मैत्रिणीच्या नावाला "ओ" देत त्या ओसरीत गेल्या. तिथून त्यांचं मोकळं हसणं आलं, जे मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मैत्रीण तशी हसायची, असं मला नंतर कळलं. बाईंनी त्यांना संत्र्याच्या हंगामात मळ्यात बोलावलं होतं.

"जासाल का?" मी विचारलं.

"जाईन."

"मग खरं सांगाल?"

त्या अंबाडीची भाजी निवडत होत्या. पानं डोळ्याजवळ नेऊन, बोटांनी चाचपून देठ काढत होत्या.

"सांगतलं तर तिची ते मैत्रीण मरंन," त्या म्हणाल्या. "आन् मी तर तिले नावानंबी ठावूक नाई. मंग ते फोन करंन कोनाले?"

मी त्यांच्यासमोर बसले, परातीतली अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. त्या तीच ओळ गुणगुणत होत्या, आणि या वेळी ती निम्मी तरी सुरात होती.